हाकेला ओ

शहापूर-मुरबाडकडच्या एखाद्या सेवा केंद्रात, रेशन दुकानात किंवा बँकेच्या लहानशा शाखेत तासभर बसलात, तर एक वाक्य कानावर पडतंच : ‘सर्व्हर डाऊन आहे.’ ते ऐकल्यावर समोरचा माणूस वाद घालत नाही. कागदांची प्लास्टिकची पिशवी गुंडाळतो आणि परतीच्या जीपची वाट बघत उभा राहतो. लांबच्या संगणकांवरच्या सेवा चालू आहेत की बंद, यावर नजर ठेवणं हे माझं रोजचं काम. त्या अनुभवावरून सांगतो, की हे वाक्य बहुतेक वेळा खरं नसतं. सर्व्हर कुठल्यातरी शहरात व्यवस्थित चालू असतो. बिघडलेलं असतं वाटेतलं काहीतरी, आणि ते शोधायला कुणी जात नाही, कारण दुखण्याला नाव देऊन झालेलं असतं.

डोंगरउतारावरच्या पाड्यांवर अजूनही एका टेपावरून दुसऱ्या टेपावर हाक घालतात. पलीकडून ओ आली, की माणूस घरात आहे. आमच्या कामातली हाक म्हणजे ‘पिंग’. माइक म्यूस या अमेरिकन प्रोग्रामरने डिसेंबर १९८३ मध्ये हा छोटासा प्रोग्राम लिहिला आणि पाण्याखालचा ठाव घेणाऱ्या सोनारच्या आवाजावरून त्याला नाव दिलं. इथून एक इवलासा संदेश जातो, तिकडचं यंत्र तो परत पाठवतं, आणि जाऊन यायला किती मिलिसेकंद लागले ते कळतं. पुढे नागिओस, झॅबिक्स अशा प्रणाली आल्या. त्या दर मिनिटाला, दर पाच मिनिटांनी शेकडो यंत्रांना हाका घालतात आणि पडद्यावर हिरवे-तांबडे ठिपके मांडतात.

पण ओ आली म्हणजे माणूस उठून दार उघडेलच असं नाही. पिंगला उत्तर देणारा भाग संगणकाच्या अगदी तळाशी असतो. वरचा प्रोग्राम पार गोठून गेला असला, तरी हा भाग इमानेइतबारे ओ देत राहतो. म्हणून दुसरी पायरी दार ठोठावण्याची : सुरक्षित संकेतस्थळाचं दार ४४३ क्रमांकाचं, ते उघडतं का? तिसरी, पान उघडून त्यावर अपेक्षित मजकूर आहे का ते वाचण्याची. शेवटची पायरी सगळ्यात कष्टाची : खिडकीवर आलेला माणूस जे काम करून घेणार, तेच काम सुरुवातीपासून शेवटपर्यंत स्वतः करून बघायचं. खरी तपासणी ही. बाकीच्या पायऱ्या दोष कुठे आहे ते शोधायला उपयोगी पडतात.

दोष शोधताना पहिली बाब विजेची आणि तारेची. ग्रामपंचायतींपर्यंत ऑप्टिकल फायबर नेण्याची केंद्राची योजना ऑक्टोबर २०११ मध्ये मंजूर झाली. तिला पुढे भारतनेट हे नाव मिळालं. या जाळ्यात तालुक्याच्या बाजूला ओएलटी नावाचं यंत्र असतं, ग्रामपंचायतीत ओएनटी नावाची डबी, आणि मधे केसाएवढी बारीक काच. या डबीतली एक सोय मला फार मोलाची वाटते. वीज गेली, की आत उरलेल्या थेंबभर विजेवर ती शेवटचा निरोप धाडते : माझी वीज गेली. त्याला म्हणतात ‘डाइंग गॅस्प’, अखेरचा श्वास. तो निरोप आला, तर काच शाबूत आहे. वीज येईपर्यंत थांबायचं. काहीच न बोलता डबी गप्प झाली, तर बहुधा कुठेतरी जेसीबीच्या दातात केबल आली आहे.

मुंबईत बसून वाचणाऱ्याला हा फरक किरकोळ वाटेल. शहापूरहून डोळखांबला किंवा मुरबाडहून टोकावड्याच्या पुढे माळशेजच्या पायथ्याकडे माणूस पाठवायचा, तर जाऊन-येऊन अर्धा दिवस मोडतो. तुटलेली काच जोडायची, स्प्लायसिंगची पेटी एक आणि गावं अनेक. वीज गेलेल्या गावी ती पेटी पोचली, तर केबल तुटलेल्या गावाचा तो दिवस फुकट जातो.

शिवाय हिरवा ठिपकाही पुष्कळ काही लपवतो. डबीपर्यंत पोचणारा प्रकाश आम्ही डीबीएममध्ये मोजतो. मे महिन्यात उणे १९ असलेला आकडा मृगाच्या सरींनंतर उणे २२ होतो, मग उणे २५. तीनने घसरला म्हणजे प्रकाश निम्मा झाला, सहाने घसरला म्हणजे पावच उरला. उणे २७-२८च्या खाली गेला, की डबीला काही वाचता येत नाही. तोवर दिवा हिरवाच असतो. एखाद्या मोरीजवळच्या जॉइंट बॉक्समध्ये पाणी शिरलेलं असतं आणि दर पावसासरशी ते आपलं काम करत असतं. या उतरत्या आकड्याकडे बघून आषाढातच जो चिखलात उतरतो, त्याला मी या धंद्यातला जाणता माणूस म्हणतो.

हे सगळं येत असूनही मी एकदा सपशेल चुकलो.

शहापूर तालुक्यातल्या एका आतल्या गावचं सेवा केंद्र. जूनमधली रात्र, विजांचा कडकडाट, पहाटेपर्यंत वीज नाही. सकाळी वीज आली आणि माझ्या पडद्यावर ठिपका हिरवा झाला. पिंगला ४० मिलिसेकंदांच्या आत ओ. साडेदहाला केंद्र चालवणाऱ्या ताईंचा फोन : ‘सर, सर्व्हर डाऊन आहे.’ मी म्हणालो, ‘ताई, इथून सगळं चालू दिसतंय, एकदा बंद करून चालू करा.’ दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी मी गेलो.

बाकावर एक म्हातारी बसली होती. नातवाच्या जातीच्या दाखल्याचे कागद पिशवीत, पिशवीला रबरबँड. पाड्यावरून चालत आलेली, तिसरी खेप. मला पाहून म्हणाली, ‘आज तरी चालू हाय का, बाबा?’

संगणक चालू होता. नेट चालू होतं. मुंबईकडचा सर्व्हरही चालू होता. पण शासनाचं संकेतस्थळ उघडायला गेलं, की ब्राउझर सुरक्षेचा इशारा देऊन थांबायचा. पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात खाली बारीक अक्षरांत तारीख होती : १ जानेवारी २००९. मदरबोर्डवरचा रुपयाच्या नाण्याएवढा सेल संपला होता. त्यामुळे वीज जाताच संगणक काळ विसरला. सुरक्षित संकेतस्थळ आपली ओळख पटवायला जे प्रमाणपत्र दाखवतं, त्यावर ‘या तारखेपासून त्या तारखेपर्यंत’ अशी मुदत असते. २००९ सालात उभ्या असलेल्या संगणकाच्या दृष्टीने ती मुदत अजून सुरूच व्हायची होती. विंडोज इंटरनेटवरून वेळ जुळवून घेतं, पण अशा एकट्या संगणकावर फरक १५ तासांहून मोठा असेल तर ते सहसा आपणहून हात लावत नाही. इथे फरक वर्षांचा होता.

तारीख हाताने बदलली, सेल नवा टाकला. वीसएक मिनिटांचं काम. म्हातारीचा अर्ज भरला गेला, पावती निघाली, ती तिने घडी घालून रबरबँडखाली सरकवली. दोन दिवस मी ‘इथून चालू दिसतंय’ म्हणत होतो, आणि माझा प्रत्येक शब्द खरा होता. त्याच संध्याकाळी सगळ्या यंत्रांच्या घड्याळांवर तपासणी लावली. आणखी दोन ठिकाणची घड्याळं मागे पडलेली सापडली.

एका बारीक दुव्यापायी सगळं काम अडतं, हे पैशांच्या व्यवहारातही होतं. मुरबाड तालुक्यातल्या धसईचं नाव वाचकांना आठवत असेल. नोटाबंदीनंतर, १ डिसेंबर २०१६ रोजी, राज्यातलं पहिलं रोकडविरहित गाव म्हणून ते जाहीर झालं. तेव्हाचे अर्थमंत्री सुधीर मुनगंटीवार यांच्या उपस्थितीत कार्यक्रम झाला, बँक ऑफ बडोदाने दुकानदारांना स्वाइप यंत्रं दिली. त्या बातम्या वाचताना माझ्या डोळ्यांपुढे काउंटरच्या मागची साखळी होती : यंत्राची बॅटरी, सिमची रेंज, टॉवरची वीज, बँकेची संगणक प्रणाली, कार्ड देणाऱ्या बँकेची प्रणाली. यातली प्रत्येक कडी शंभरातले नव्व्याण्णव वेळा नीट चालते असं धरलं, तरी पाचही कड्या एकाच वेळी नीट असण्याचं प्रमाण पंच्याण्णवावर येतं. म्हणजे दर वीस गिऱ्हाइकांमागे एकाचं कार्ड चालणार नाही. खिशात रोख नसलेल्या माणसाने अशा वेळी किराणा दुकानात काय करावं, याचं उत्तर यंत्रं वाटण्याच्या आधी शोधायला हवं.

टक्केवारीचा हा घोळ मला फार सलतो. सेवा ९८ टक्के वेळ चालू, असं अहवालात लिहिलं की वाचणारा समाधानी होतो. आठवड्याचे तास १६८. त्यातले तीन तास बंद पडले, तरी आकडा ९८च्या वरच राहतो. पण ते तीन तास आठवडे बाजाराच्या सकाळचे असतील, तर? पाड्यावरची माणसं त्याच दिवशी खाली उतरतात. बाजार, रेशन, दाखला, बँक, सगळं एका खेपेत उरकतात. त्यांच्यापुरती सेवा त्या आठवड्यात शून्य टक्के चालली. रात्री दोन वाजता ठिपका हिरवा होता, याचा त्यांना काय उपयोग? राज्यात २०१५ पासून लोकसेवा हक्क अधिनियम आहे, अर्ज केल्यापासून ठरावीक दिवसांत सेवा द्यावी लागते. पण दिवस मोजायला सुरुवात होते ती अर्ज दाखल झाल्यावर. अर्जच भरता आला नाही, त्या खेपा कुठल्याच मोजणीत येत नाहीत.

म्हणून मी माझ्या पडद्यावर एक रकाना वाढवला आहे. प्रत्येक केंद्रापुढे शेवटची पावती किती वाजता निघाली, ते त्यात दिसतं. बाजाराच्या दिवशी अकरा वाजून गेले आणि पावती नाही, तर ठिपका हिरवा असला तरी मी फोन उचलतो.

‘ताई, इथून लाइन दिसतेय. तिथे रांग आहे का?’