विकत घेतलेल्या तबकडीचे कुलूप

१/
१९९९ साली लिनक्स ही मुक्तस्रोत कार्यप्रणाली वापरणाऱ्याने डीव्हीडी विकत आणून संगणकात घातली, तरी चित्रपट दिसत नसे. तबकडीत दोष नव्हता, यंत्रातही नव्हता. अडचण कुलपाची होती.

२/
त्या कुलपाचे नाव सीएसएस, म्हणजेच कंटेंट स्क्रॅम्बल सिस्टीम. तबकडीवरील चित्रपट सांकेतिक रूपात साठवलेला असे. तो उलगडण्याची किल्ली परवाना घेऊन गुप्ततेचा करार करणाऱ्या उत्पादकांनाच मिळे. लिनक्सची रीत नेमकी उलट. तेथे आज्ञावली कोणीही वाचावी. जे सर्वांसमोर उघडे आहे, त्यात गुपित ठेवायचे कोठे?

३/
ऑक्टोबर १९९९ मध्ये ‘डीसीएसएस’ हा छोटा प्रोग्राम इंटरनेटवर आला. एका परवानाधारक प्लेअरमध्ये किल्ली नीट झाकलेली नव्हती. ती हाती लागली. काम तिघांचे, पण नाव पुढे आले ते नॉर्वेच्या १५ वर्षांच्या योन लेक योहान्सनचे. मुळात कुलूपही तकलादू होते. किल्ली अवघी ४० बिटांची. कोणाचीही किल्ली न घेता निव्वळ गणिताने ते उघडते, हेही लवकरच सिद्ध झाले.

४/
जानेवारी २००० मध्ये पोलीस त्याच्या घरी पोहोचले आणि संगणक जप्त झाला. हा प्रोग्राम तर विंडोजवर चालतो, मग लिनक्सचे निमित्त कशाला, असा आक्षेप होता. योहान्सनचे उत्तर असे की, तबकडीवरील फायलींची यूडीएफ रचना तेव्हाच्या लिनक्सला वाचता येत नव्हती.

५/
अमेरिकेत १९९८ च्या कायद्याचा आधार घेऊन न्यूयॉर्कच्या न्यायालयाने ऑगस्ट २००० मध्ये एका नियतकालिकाला हा प्रोग्राम प्रसिद्ध करण्यास मनाई केली. त्याचे दुवे देण्यासही. तेव्हा लोकांनी ती आज्ञावली टी-शर्टांवर छापली. २००१ मध्ये फिल कारमोडी यांनी अशी मूळ संख्या शोधली, जिच्यात तीच आज्ञावली सामावलेली होती. कायदा आता संख्येवरही बंदी घालणार का?

६/
ऑस्लोच्या न्यायालयाने ७ जानेवारी २००३ रोजी योहान्सनला निर्दोष ठरवले. सरकारने अपील केले. २२ डिसेंबर २००३ रोजी तेथेही तो निर्दोषच ठरला. ज्याने तबकडी रीतसर विकत घेतली, त्याला ती पाहण्याचा हक्क आहे, मग उत्पादकाने ठरवलेल्या वाटेने तो गेला नाही तरी, हा त्या निकालांचा गाभा.

७/
आज व्हीएलसी प्लेअर लिनक्सवर डीव्हीडी सहज दाखवतो. तरी कुलूप उघडणारी ‘लिबडीव्हीडीसीएसएस’ अनेक लिनक्स आवृत्त्यांत सोबत येत नाही. ती वेगळी बसवावी लागते. एकच तबकडी, एकच प्रोग्राम, आणि दोन देशांचे दोन न्याय; ती वेगळी पायरी या न मिटलेल्या वादाचीच खूण आहे. तबकड्या अडगळीत गेल्या, पण पैसे मोजून घेतलेल्या ई-पुस्तकापुढे आणि चित्रपटापुढे तोच प्रश्न आजही उभा आहे: विकत घेणाऱ्याच्या मालकीचे नेमके काय होते?