मनगटावरून पाय वाचताना

पळताना पाय जमिनीवर पडतो आणि त्याची नोंद होते मनगटावर. या दोन जागांच्या मध्ये घोटा आहे, गुडघा आहे, खुबा आहे, कंबर, पाठ, खांदा आणि कोपर आहे. माझ्याकडे पळायला शिकणाऱ्या प्रत्येकाला मी हे पहिल्याच आठवड्यात सांगते, कारण घड्याळावरचा आकडा इतका ठसठशीत असतो की तो थेट पायाकडूनच आला असं वाटतं. पाऊल पडल्याचा हादरा एवढ्या सगळ्या सांध्यांमधून वर जातो, प्रत्येक सांधा त्यातला थोडा पचवतो, आणि उरलेल्यावरून घड्याळ अंदाज बांधतं. हा अंदाज बऱ्याचदा चांगला असतो. पण तो वाचायला शिकावं लागतं, आणि ते शिकवणं हा गेल्या काही वर्षांत माझ्या कामाचा मोठा भाग झाला आहे.

घड्याळात सिलिकॉनचा एक सूक्ष्म तुकडा तेवढ्याच सूक्ष्म स्प्रिंगांवर तोललेला असतो. हात हलला की तो किंचित मागे राहतो, शेजारच्या पट्ट्यांपासूनचं त्याचं अंतर बदलतं आणि त्या बदलाचा विद्युत संकेत तयार होतो. पळणाऱ्याचा हात एकदा पुढे जाऊन मागे येतो तेवढ्यात दोन पावलं पडलेली असतात. शिवाय दर पावलाला अख्खं शरीर वर-खाली होतं. या दोन लयी एकमेकींशी पडताळून पाहिल्या की पावलं मोजता येतात. मिनिटाला पडणाऱ्या पावलांना आम्ही कॅडन्स म्हणतो. पळण्याच्या ढबीबद्दल घड्याळ जे जे सांगतं, त्यात मला सगळ्यांत भरवशाचा वाटतो तो हाच आकडा.

याचं गणित साधं आहे आणि मी ते सगळ्यांकडून एकदा कागदावर करून घेते. सहा मिनिटांत एक किलोमीटर, म्हणजे मिनिटाला साधारण १६७ मीटर. कॅडन्स १६० असेल तर एक पाऊल १ मीटर ४ सेंटिमीटरचं पडतं. तोच वेग १७२ च्या कॅडन्सने राखला तर पाऊल ९७ सेंटिमीटरचं होतं. फरक सात सेंटिमीटरचा. पाय शरीराच्या पुढे जाऊन टाचेवर आदळतो की शरीराच्या खाली टेकतो, हे बहुतेकदा या सात सेंटिमीटरांत ठरतं. पाय पुढे पडला की गुडघा जवळजवळ ताठ असतो आणि प्रत्येक पाऊल थोडा ब्रेक लावतं. पळताना दर पावलाला शरीराच्या वजनाच्या दोन ते तीन पट जोर जमिनीकडून परत येतो, तो मग ताठ गुडघ्याने झेलावा लागतो.

साताऱ्यात ही गोष्ट जरा जास्तच समजावून सांगावी लागते. माण तालुक्यातलं मोही हे ललिता बाबरचं गाव. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ३००० मीटर स्टीपलचेसच्या पात्रता फेरीत तिने ९ मिनिटं १९.७६ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम केला आणि अंतिम फेरी गाठली. आमच्या भागातली पोरं तिचे व्हिडिओ बघून येतात आणि तिच्यासारखी लांब टांग टाकायला बघतात. मला या पोरांचं कौतुक वाटतं. पण ललिताचा तो वेग किलोमीटरला तीन मिनिटं आणि वर सहा-सात सेकंद एवढा होता. त्या वेगात पाऊल आपोआप लांब पडतं, कारण मागचा पाय जमिनीला तसा रेटा देतो. सहा-सात मिनिटांच्या वेगाने पळणाऱ्याने तेवढं पाऊल टाकायचं म्हटलं तर ते पुढे फेकावंच लागेल.

याच्या उलट टोकाला १८० चा ध्यास असतो. १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये जॅक डॅनियल्स या प्रशिक्षकाने धावपटूंची पावलं मोजली आणि जवळपास सगळ्यांची कॅडन्स १८० किंवा त्याहून जास्त भरली. ते जगातले सर्वोत्तम धावपटू होते आणि शर्यतीच्या वेगात पळत होते, हा संदर्भ वाटेत कुठे तरी गळून गेला आणि १८० हा सगळ्यांसाठी नियम होऊन बसला. कॅडन्स वेगाबरोबर वाढते आणि पायांच्या लांबीप्रमाणे कमी-जास्त होते. आमच्या गटातल्या सहा फुटी प्राध्यापकांना इझी रनमध्ये १६४ शोभून दिसते, तर पाच फुटांच्या ताईंची १७८ सहज पडते. मी दोघांनाही हात लावत नाही. कोणाचं पाऊल खरोखरच फार पुढे पडत असेल, गुडघा कुरकुरत असेल, तर त्याच्या आजच्या कॅडन्समध्ये फक्त पाच टक्के वाढ सांगते. विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या ब्रायन हायडरशाइट आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये दाखवून दिलं की वेग तोच ठेवून पावलांची गती पाच ते दहा टक्के वाढवली तर गुडघ्यावर आणि खुब्यावर येणारा भार कमी होतो. १६० ची एकदम १८० केली की ते काम पोटऱ्यांवर पडतं आणि आठवड्याभरात पोटऱ्या दगड होतात.

ही पाच टक्के वाढ शिकवताना घड्याळ मी पिशवीत ठेवायला लावते. आधी कानाने ऐकायचं. उजवं पाऊल अर्धा मिनिट मोजायचं, चारने गुणायचं, मग घड्याळात बघायचं. दोन-तीन आठवड्यांत माणूस न मोजता सांगू लागतो, ‘मॅडम, आज १६८ असेल.’ आणि ती असते. काही मुलं मेट्रोनोमच्या टकटकीऐवजी हलगीचं रेकॉर्डिंग लावून पळतात. मला ते फार आवडतं, कारण हलगीवर पाय जड पडूच शकत नाही.

या सगळ्याची खरी परीक्षा यवतेश्वरच्या घाटात होते. समर्थ मंदिरापासून कासच्या दिशेला हा रस्ता चढत जातो, आणि २०१२ मध्ये सुरू झालेली सातारा हिल हाफ मॅरेथॉन याच घाटातून वर जाऊन परत उतरते. पावसाळ्यात इथे धुकं, ओला रस्ता आणि एका बाजूला डोंगराची भिंत. भिंतीकडचं अर्धं आकाश झाकलेलं असल्याने घड्याळाला उपग्रह कमी दिसतात, नागमोडी वळणं ते सरळ कापून टाकतं आणि पेसचा आकडा उड्या मारू लागतो. म्हणून घाटात पेस बघायचा नाही, हा आमच्या गटाचा नियम. चढावर श्वास सांभाळायचा, उतारावर कॅडन्स. उतार लागला की पाय लांब टाकायचा मोह होतो, आणि मांडीच्या पुढच्या स्नायूंना दर पावलाला ब्रेक लावावा लागतो. दुसऱ्या दिवशी जिना उतरताना जे हाल होतात ते याचेच. उतारावर पावलं छोटी आणि भराभर पडली तर ओल्या डांबरावर घसरण्याची भीतीही कमी होते.

चढावर हृदयाचे ठोके बघावेत, असं कोणीही सांगेल. मीही सांगते, पण एक पडताळा जोडून. मनगटी घड्याळ हिरवा प्रकाश कातडीवर टाकतं. दर ठोक्याला रक्ताची लाट येते तेव्हा तो जास्त शोषला जातो, आणि परत आलेल्या प्रकाशाच्या चढ-उतारावरून ठोके मोजले जातात. पट्टा सैल असेल किंवा मनगट गार पडलं असेल, तर ही लाट क्षीण होते आणि हाताच्या हलण्याची लय तिच्यावर मात करते. मग घड्याळ ठोक्यांच्या नावाखाली पावलंच मोजायला लागतं. एकदा चढावर एक मुलगी घाबरून थांबली, ठोके १६९ दिसत होते. ती माझ्याशी पूर्ण वाक्यांत, दम न लागता बोलत होती. मी तिला कॅडन्सचा रकाना उघडायला लावला. तिथेही १६९. मानेवर दोन बोटं ठेवून मोजले तेव्हा ठोके १४० च्या आसपास भरले. छातीचा पट्टा हृदयाचे विद्युत संकेत थेट टिपतो, म्हणून तो या फसगतीतून सुटतो. ज्यांना परवडतो त्यांना मी तो घ्यायला सांगते. बाकीच्यांसाठी पूर्ण वाक्य बोलता येणं ही कसोटी पुरेशी आहे.

पाय जमिनीला किती मिलिसेकंद टेकला आणि शरीर किती सेंटिमीटर उसळलं, हेही आता घड्याळं सांगतात. हौशी धावपटूचा पाय साधारण पाव सेकंद किंवा थोडा जास्त वेळ जमिनीवर असतो. हे आकडे एका माणसाचे दुसऱ्याशी लावून बघण्यात मला काही अर्थ दिसत नाही, दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या घड्याळांचे तर नाहीच. त्यांचा उपयोग होतो तो त्याच माणसाच्या त्याच रनमध्ये, पहिला तिसरा भाग आणि शेवटचा तिसरा भाग शेजारी ठेवून. बँकेतून निवृत्त झालेले एक काका आमच्याकडे येतात. त्यांच्या लाँग रनमध्ये बारा किलोमीटरनंतर वेग तोच राहायचा, पण पाय जमिनीवर रेंगाळायला लागायचा आणि कॅडन्स उतरायची. घड्याळाने ‘कधी’ ते सांगितलं. ‘काय’ ते कळायला मी तेराव्या किलोमीटरला त्यांच्या मागून मोबाइलवर शूटिंग केलं. डावा पाय टेकला की कमरेची उजवी बाजू खाली झुकत होती. डाव्या खुब्याचे बाजूचे स्नायू थकत होते. मग एका पायावर उभं राहणं, पायरीवरून हळूहळू उतरणं, आडवं पडून पाय बाजूला उचलणं असे कंटाळवाणे व्यायाम काकांनी दोन-अडीच महिने मन लावून केले. आता ती घसरण सोळाव्या किलोमीटरच्या पुढे गेली आहे. माझ्या मते घड्याळाच्या सगळ्या किमतीचं चीज अशा एका नोंदीत होतं.

पण दिवसाचा एक तास पळून झाल्यावर उरतात तेवीस. १६५ च्या कॅडन्सने तासभर पळलं की ९,९०० पावलं होतात. दहा हजारांचं लक्ष्य न्याहारीच्या आधीच पुरं होतं, घड्याळ पडद्यावर फटाके उडवतं आणि माणूस निर्धास्त मनाने खुर्चीत बसतो तो संध्याकाळपर्यंत. अशांचा दिवसाचा आलेख मी त्यांच्यासमोर ठेवते. सकाळी एक उंच खांब आणि पुढे सपाट जमीन. बसून बसून खुब्याच्या पुढचा भाग आखडतो आणि दुसऱ्या दिवशी मागचा पाय मागे जातच नाही, हे मी रोज बघते. त्यांना मी एकूण पावलं विचारायचं सोडून दिलं आहे. दुपारी अकरा ते पाचमधल्या प्रत्येक तासात थोडी तरी हालचाल दिसली का, एवढंच विचारते.

दहा हजार हा आकडा १९६५ चा. टोकियो ऑलिंपिकनंतरच्या त्या वर्षी यामासा या जपानी कंपनीने कमरेला लावायचं पावलं मोजणारं यंत्र त्याच नावाने बाजारात आणलं, आणि आकडा जगभर पसरला. २०१९ मध्ये आय-मिन ली आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या सोळा हजारांहून जास्त वयस्क स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दिवसाला २,७०० च्या आसपास चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण बरंच कमी होतं, आणि साधारण ७,५०० नंतर फायदा फारसा वाढत नव्हता. गटातल्या ज्येष्ठ बायकांना मी हे मुद्दाम सांगते. दहा हजार झाले नाहीत म्हणून रात्री साडेदहाला गॅलरीत येरझाऱ्या घालणाऱ्या आजी मला माहीत आहेत. त्यांनी झोपावं.

आणि मनगटाला काही गोष्टी मुळात दिसतच नाहीत. भाकरी थापताना काही बँड पावलं मोजतात. डोक्यावरचा हंडा दोन्ही हातांनी धरून चढ चढलं, तर हात स्थिर असल्याने बरीच पावलं निसटतात. जावळीच्या बाजूची एक मुलगी आमच्याकडे शर्यतीच्या तयारीला येते, घरची भातशेती आहे. जुलैच्या एका सकाळी तिने घड्याळ माझ्यासमोर धरलं.

‘मॅडम, काल दोन हजारच पावलं झालीत. रेस्ट डे दाखवतंय. आज लांब पळू ना?’

‘काल काय केलंस?’

‘लावणी होती. सकाळपासून दिवस मावळेस्तोवर चिखलात.’

कंबरेत वाकून, पोटरीभर चिखलात, एक-एक पाऊल मागे सरकत दिवसभर. मांड्यांचा मागचा भाग, पाठ, पोटऱ्या, सगळं पिळून निघालेलं. या मंद सरकण्यात घड्याळाला पाऊल म्हणावं असं फारच थोडं सापडलं होतं. तिला मी त्या सकाळी फक्त वीस मिनिटं सपाटीवर चालायला लावलं. तिथेच बसून तिचं जुलैचं वेळापत्रक आम्ही नव्याने आखलं. लावणीचा प्रत्येक दिवस हा कठीण चढाचा दिवस म्हणून धरायचा, त्याच्या दुसऱ्या दिवशी लाँग रन ठेवायचा नाही, आणि कॅडन्सचे सराव पावसाने उघडीप दिली की शेतावर न जायच्या दिवशी.

तेव्हापासून आमच्या वहीत घड्याळातल्या आकड्यांच्या आधी एक रकाना असतो, ‘काल काय काम केलं’. तो हाताने भरायचा. लावणी, मोर्चा, लग्नात वाढपी, दिवसभर खुर्ची, रात्रपाळी, जे असेल ते. तो रिकामा असेल तर मी पुढचे रकाने बघत नाही. जावळीच्या त्या मुलीचा रकाना जुलैभर लावणीनेच भरला होता. शेवटचं खाचर लावून झाल्यावर चार दिवस तिने आराम केला आणि ऑगस्टच्या पहिल्या रविवारी आम्ही तिला घाटात घेतलं, उतारावर कॅडन्स १७२ च्या खाली जाऊ द्यायची नाही, एवढ्या एका सूचनेवर.