रेष कुणाच्या डोळ्यासाठी?

१४३४ साली यान व्हॅन आइकने एका जोडप्याचं चित्र काढलं. ते लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. फोनवर मोठं करूनही बघता येतं. जोडप्याच्या मागच्या भिंतीवर बाहेर फुगलेला एक गोल आरसा आहे आणि त्यात सगळी खोली मावलीय: दोघांच्या पाठी, खिडकी, दारातली दोन माणसं. चिंचेने घासून लख्ख केलेल्या भंडाऱ्याच्या पितळी गुंडात आपलं अख्खं स्वयंपाकघर दिसतं ना, अगदी तसं.

या आरशावरून मोठा वाद झाला. २००१ मध्ये ब्रिटिश चित्रकार डेव्हिड हॉकनीने ‘सीक्रेट नॉलेज’ हे पुस्तक काढलं. त्याचं म्हणणं असं की १४३०च्या आसपास युरोपातली चित्रं एकाएकी हुबेहूब झाली, कारण चित्रकार अंतर्गोल आरशाने समोरच्या वस्तूची प्रतिमा फळीवर पाडून ती गिरवू लागले. चार्ल्स फाल्को या भौतिकशास्त्रज्ञाने त्याला गणिताची साथ दिली. काच तेव्हा हाताशी होतीच. इटलीत चष्मे तेराव्या शतकाच्या शेवटी आले होते आणि व्हेनिसच्या काचेच्या भट्ट्या १२९१ मध्ये मुरानो बेटावर हलवल्या गेल्या होत्या.

पण अनेक अभ्यासकांना हे पटलं नाही. अवरक्त किरणांनी तपासलं तेव्हा दिसलं की व्हॅन आइकने चेहरे बदललेत, तो आरसाही बदललाय, आणि जोडप्याच्या पायाशी असलेला कुत्रा तर खालच्या रेखाटनात नाहीच. नुसतं गिरवणारा माणूस इतका विचार बदलत नाही.

मला या वादात रस वाटला तो एका प्रश्नामुळे: “म्हणजे कॉपीच ना?” हा प्रश्न मी मोहाडीत लहानपणापासून ऐकलाय, माझ्या काकांबद्दल.

काका झाडीपट्टीच्या नाटकांचे पडदे रंगवायचे. दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते, रात्रभर नाटक चालतं आणि मागे पडदा असतो: महाल, जंगल, नाहीतर लांब जाणारा रस्ता. काका आधी छोट्या चित्रावर पेन्सिलने चौकटी पाडायचे, मग कापडावर काव लावलेलं सूत मारून मोठ्या चौकटी, आणि एकेक घर मोठं करत जायचे. बघणारा म्हणायचा, “ग्राफ मारून तं कोनीबी काढन.”

१४३५ मध्ये फ्लॉरेन्सच्या अल्बेर्तीने चित्रकलेवरच्या आपल्या ग्रंथात नेमकी हीच युक्ती सांगितलीय. विरळ विणलेलं तलम कापड चौकटीवर ताणायचं, त्यात जाड धाग्यांनी चौकोन पाडलेले असावेत, आणि त्यातून समोरचं दृश्य घराघराने उतरवायचं. आमच्या तालुक्यात आंधळगावला टसर विणतात. तिथल्या कुठल्याही विणकराला हे यंत्र एका वाक्यात कळेल.

आणि साधन वापरलं म्हणून माणूस लहान होत नाही, याचा पुरावा कोल्हापुरात आहे. संगीत नाटकांचे पडदे रंगवणारे आनंदराव आणि बाबुराव पेंटर हे भाऊ सिनेमा बघून इतके वेडावले की स्वतः कॅमेरा बनवायला बसले. १९१६ मध्ये आनंदराव गेले. बाबुरावांनी दामल्यांना हाताशी धरून १९१८ मध्ये कॅमेरा पुरा केला आणि १९२० मध्ये ‘सैरंध्री’ आला. भिंगामागे उभा राहिलेला तो डोळा पडद्यांवर तयार झालेला होता.

मागच्या वर्षी गावच्या एका मंडळाने मला पुण्याला फोन केला. “एआयवर महाल काढून दे, फ्लेक्स मारतो. पडदा परवडत नाही.” मी पाच मिनिटांत महाल काढला. खांब, झुंबर, चकचकीत फरशी. सुट्टीत घरी गेल्यावर काकांना दाखवला. त्यांनी फोन लांब धरला.

“बाबू, महाल तं साजरा आहे. पण नट मांगं सरकला का त्याचं डोस्कं खांबाच्या वर जाईन. आन् खाली बसलेल्या मानसाले फरशी अशी कायले दिसन?”

चित्रातली क्षितिजरेषा फार वर होती. खांब ज्या डोळ्याने पाहिले होते, तो डोळा हवेत होता. मंडईचा प्रेक्षक सतरंजीवर बसलेला असतो. काका क्षितिज नटाच्या गुडघ्याशी धरायचे, त्या सतरंजीसाठी.

फ्लॉरेन्समध्ये ब्रुनेलेस्कीने एका चित्राला भोक पाडलं होतं. मागून त्या भोकाला डोळा लावायचा, समोर आरसा धरायचा, की आरशातलं चित्र खऱ्या इमारतीसारखं दिसे. पण एकाच डोळ्याला, एकाच जागेवरून. मसाच्योने १४२७च्या सुमारास चर्चच्या भिंतीवर ‘त्रिमूर्ती’ रंगवली, तेव्हा सगळ्या रेषा जिथे मिळतात तो बिंदू त्याने खाली उभ्या असलेल्या माणसाच्या डोळ्याच्या उंचीवर ठेवला. आरसा, भिंग, जाळी रेष कुठे जाते ते सांगतात. कुणाच्या डोळ्यासाठी जाते, हे माणसाला ठरवावं लागतं.

मी थ्रीडीचं काम करतो. तिथे कॅमेऱ्याची जागा ठरल्याशिवाय एक रेषही उमटत नाही. त्या दिवशी एआयने महाल काढून दिला. कोण कुठे बसणार आहे, हे मला विचारलं नाही. मीही सांगितलं नव्हतं, कारण ते काकांनाच ठाऊक होतं.

शेवटी फ्लेक्सच लागला. काकांनी सांगितलं तसं मी क्षितिज खाली आणलं, खांब उंच केले. फ्लेक्सवाल्याला पैसे मिळाले, काकांना कुणी विचारलं नाही. ते नाटक बघायला आले, तिसऱ्या रांगेत सतरंजीवर बसले. नट मागे सरकला, आणि महाल त्याच्यापेक्षा मोठाच राहिला.