मावळे आणि गंजीफ्रॉक

दिवाळीतला किल्ला लहान मुलं करतात, असा एक गोड गैरसमज आपल्या महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला आहे. मुलं करतात तो चिखल. त्या चिखलाचा किल्ला होण्यासाठी विटा शोधून आणणं, गोणपाट भिजवणं, अळीव पेरणं, बुरूज ढासळला की "कुणी पाय दिला रे?" म्हणून ओरडणं, ही कामं घरातला एखादा रिकामा प्रौढ पुरुष करत असतो. मी सहा वर्षांपूर्वी रिटायर झालो, त्या दिवसापासून हे पद आमच्या सोसायटीत माझ्याकडे चालत आलं. निवडणूक वगैरे काही झाली नाही.

यंदाची गोष्ट मात्र वेगळी होती. मुलुंड पूर्वेला मिठागर रस्त्याच्या एका गल्लीत आमची तीन मजली इमारत १९६८ सालापासून उभी आहे आणि दिवाळीनंतर ती पाडायची आहे. जागी तेवीस मजले होणार. त्यात पोहण्याचा तलाव आहे, व्यायामशाळा आहे, 'सीनियर सिटिझन कॉर्नर' म्हणून मला बसवून ठेवायची जागाही आहे. माती मात्र नकाशात कुठे सापडेना. बिल्डरच्या माणसाला विचारलं, तर तो म्हणाला, "पोडियमवर आर्टिफिशियल लॉन देतोय ना अंकल." म्हणजे कंपाउंडमधल्या आंब्याखालच्या मातीतला हा शेवटचा किल्ला. आणि शेवटचं काही करायचं म्हटलं की मराठी माणूस पहिल्यांदा मीटिंग घेतो.

मीटिंगमध्ये किल्ला कोणता करायचा, यावर दीड तास गेला. २०२५च्या जुलैमध्ये युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घातले, तेव्हापासून प्रत्येकाला त्यातला एक किल्ला घरचा वाटू लागला आहे. सेक्रेटरींना सिंधुदुर्ग हवा होता, पण त्यासाठी समुद्र लागतो आणि आमच्याकडे सकाळी नळाला पाणी किती वेळ असतं, हे सेक्रेटरींइतकं कुणालाच माहीत नाही. दुसऱ्या मजल्यावरचे तमिळ गृहस्थ गेली तीस वर्षं कुठल्याच विषयावर बोलले नव्हते. ते उठून म्हणाले, "जिंजी करा." बारांतला तो एकटाच तमिळनाडूत आहे. राजाराम महाराज १६८९ साली तिकडे गेले आणि तो किल्ला १६९८ पर्यंत मोगलांच्या हाती लागला नाही, हे त्यांनी अशा अभिमानाने सांगितलं, की महाराजांना भाड्याने जागा यांच्याच पूर्वजांनी दिली असावी. शेवटी राजगड ठरला. मातीचा ढीग पडला तो मात्र थेट प्रतापगडासारखा.

आता मावळे. दादरच्या बाजारात मी पोचलो तेव्हा चांगले रंगवलेले मावळे संपले होते. विक्रेत्याने आतून एक खोकं काढलं. प्लॅस्टरचे साठ मावळे, पांढरेफटक, एका रंगाचा स्पर्श नाही. "रंगवायला वेळच मिळाला नाही काका. अर्ध्या किमतीत न्या. घरी पोरं रंगवतील." 'पोरं' म्हणताना तो माझ्याकडेच बघत होता.

अर्ध्या किमतीचं कारण मी घरी सांगितलं. खरं कारण दुसरं होतं.

१९६९ साली मी दहा वर्षांचा होतो. याच आंब्याखाली किल्ला होता. वडील टपाल खात्यात हिशेबाच्या टेबलावर होते. त्यांनी कुठूनसे कच्चे मावळे आणले आणि रोज रात्री जेवण झाल्यावर, पाटावर वर्तमानपत्र पसरून, ते एक मावळा रंगवायला घेत. रंगांच्या वड्या, डोळ्यांसाठी ऑफिसची काळी शाई आणि चार केसांचा कुंचला. रात्रीत एकच. प्रत्येकाच्या मिशा निराळ्या. एकाच्या तर कपाळावर आठी होती. धनत्रयोदशीला त्यांनी ते सगळे ओळीने मांडले. मी मोजले आणि म्हणालो, "अकराच? समोरच्यांकडे पन्नास आहेत." वडील काही बोलले नाहीत. थोड्या वेळाने म्हणाले, "उद्या एक करतो." आणि केला.

त्या बारांतले सात अजून आमच्या माळ्यावर डालड्याच्या डब्यात आहेत. तेव्हा साठ मावळे पाहिल्यावर माझा हात खिशाकडे का गेला, हे कुणाला समजावून सांगण्यासारखं नव्हतं.

रंग घरात होते. रिटायर झाल्यावर मी निसर्गचित्रांचा एक वर्ग लावला होता. त्यात मी काढलेला पवई तलाव पाहून नातवाने "हा डोसा आहे का?" असं विचारलं आणि मी वर्ग सोडला, पण तेलरंगाच्या ट्यूबा उरल्या होत्या. मी उत्साहाने पहिला मावळा घेतला आणि सरळ त्याच्या अंगरख्यावर पांढरा रंग चढवला. कोरं प्लॅस्टर तेलाला इतकं तहानलेलं असतं, याची मला कल्पना नव्हती. त्याने रंगातलं तेल गटागटा पिऊन टाकलं आणि वर उरली ती खडूची भुकटी. मावळ्याला कोड फुटल्यासारखं दिसू लागलं. मग दुसऱ्यावर मी जाड थर दिला. दोन दिवसांनी उचलून बघतो, तर रंग जसाच्या तसा ओला! बँकेतल्या यंत्राला माझ्या अंगठ्याचा ठसा गेली तीन वर्षं सापडत नाही. त्या मावळ्याच्या पाठीवर तो रेषान्‌रेषा उमटला होता.

दिवाळी नऊ दिवसांवर. दोन दिवसांत दोन मावळे आणि दोन्ही जायबंदी. मी अंधेरीच्या भाच्याला फोन केला.

हा भाचा कंप्युटरमध्ये आहे, वय बत्तीस, आणि दर रविवारी मित्रांबरोबर टेबलावर बोटाच्या पेराएवढे सैनिक मांडून फासे टाकत लढाया खेळतो. त्याच्या आईला, म्हणजे माझ्या बहिणीला, हे अजून मान्य नाही. तो मात्र याचं समर्थन इतिहासातून करतो. प्रशियाच्या सैन्यात १८२४ साली अधिकाऱ्यांना असा लढाईचा खेळ शिकवायला घेतला होता आणि एच. जी. वेल्ससारख्या थोर लेखकाने १९१३ साली शिशाच्या शिपायांच्या लढायांवर अख्खं पुस्तक लिहिलं, हे तो प्रत्येक लग्नकार्यात सांगतो. त्यामुळेच त्याचं स्वतःचं लग्न लांबलं, असं बहिणीचं म्हणणं आहे.

मी खोकं घेऊन लोकलने घाटकोपर आणि तिथून मेट्रोने अंधेरी गाठली. मेट्रोच्या तपासणीत यंत्राने खोक्यात साठ तलवारी दाखवल्या असाव्यात, कारण शिपायाने उघडायला लावलं. आत बघून म्हणाला, "महाराज कुठे आहेत?" म्हटलं, "घरी." त्याने सलाम करून सोडलं.

भाच्याने माझा अंगठेवाला मावळा बघितला आणि म्हणाला, "मामा, तू रंगवतोयस कशाला? तेलरंग रंगवायला नसतो, पुसायला असतो."

हे वाक्य मला तेव्हा उद्धट वाटलं. पण त्यात सगळी विद्या होती. त्याचं म्हणणं असं, की पाण्याचा रंग वाळतो म्हणजे त्यातलं पाणी उडून जातं. तेलरंगातलं जवसाचं तेल कुठेही जात नाही. ते हवेतला प्राणवायू घेत घेत बसल्या जागी घट्ट होतं, सरकारी फायलीसारखं. त्याला आठवडा लागो, महिना लागो. आपल्याला घाई असली तर हा त्याचा दोष. पण तोच त्याचा गुण! लावलेला रंग तासाभरानेही पुसता येतो. तेव्हा अंगरखे, पगड्या हे सगळं ॲक्रिलिकने उरकायचं आणि तेलरंगाला फक्त सावलीचं काम द्यायचं.

त्याप्रमाणे कारखाना सुरू झाला. जुन्या ब्लेडने साच्याची शिवण खरवडली. गच्चीवर नेऊन साठही मावळ्यांना प्राइमर मारला, म्हणजे प्लॅस्टरची तहान भागली. मग आधी साठ पगड्या, मग साठ अंगरखे, मग साठ शेले. एक मावळा पुरा करायचा नाही; एक रंग पुरा करायचा. हे मला फार जड गेलं. निम्म्या वेळी खोलीभर नुसत्या लाल पगड्यांची भुतं उभी होती. त्यावर पारदर्शक वॉर्निशचा एक हात दिला आणि रात्रभर ठेवलं.

आता तेल. बर्न्ट अंबर नावाचा तपकिरी रंग घ्यायचा. त्यात मूळचंच मँगनीज असतं, त्यामुळे तो भाऊबंदांपेक्षा लवकर वाळतो. तो आधी पुठ्ठ्यावर पिळून ठेवायचा, म्हणजे जास्तीचं तेल पुठ्ठा शोषून घेतो. घरात पुठ्ठा म्हणजे लग्नपत्रिका. सोनेरी, गुळगुळीत, आठ आठ पानी पत्रिका तेलाचा थेंब पीत नाहीत, असं आढळलं. साध्या, खरखरीत पत्रिका लगेच पितात. त्या लग्नांमधलं जेवणही चांगलं होतं, असं माझं निरीक्षण आहे. मग त्या रंगात टर्पेंटाइन घालून तो कटाच्या आमटीइतका पातळ करायचा आणि रंगवलेल्या मावळ्याला बेधडक डोक्यापासून पायापर्यंत फासायचा.

हा क्षण वाईट असतो. तीन दिवस खपून केलेल्या पांढऱ्या अंगरख्यावर आपल्याच हाताने गटार ओतायचं. नातू तर रडायच्या बेताला आला. पाऊण तासात साठच्या साठ मावळे नाल्यातून काढल्यासारखे उभे होते. सौ. दारातून बघून म्हणाली, "हेच करायचं होतं, तर पावसाळ्यात नुसते अंगणात ठेवायचे होते."

वीस मिनिटं, अर्धा तास थांबायचं. फार लवकर पुसलं तर सगळंच निघून येतं, उशीर केला तर घासावं लागतं. भाकरी उलटण्याची वेळ जशी हाताला कळते तसं ते चौथ्यापाचव्या मावळ्याला कळू लागतं. आणि पुसायला सर्वांत उत्तम वस्तू म्हणजे बारा वर्षं धुतलेला गंजीफ्रॉक. तेवढ्या मऊपणाचं काहीही बाजारात विकत मिळत नाही. सौ.ने माझे चार गंजीफ्रॉक ज्या तत्परतेने आणून दिले, त्यावरून ती बरीच वर्षं या संधीची वाट पाहत असावी.

फडक्याने वरून खाली हलकेच पुसलं आणि मी बघतच राहिलो. पगडीचे पीळ सुटे झाले. नाक वर आलं, डोळे खोल गेले. शेल्याच्या चुण्यांत तपकिरी रेघ राहिली आणि अंगरख्याचा उंचवटा पांढरा उजळला. जिथे मी काहीच केलं नव्हतं, तिथे माणूस दिसायला लागला. शिवाय फडक्याचा जोर दर वेळी कमीजास्त पडतो, त्यामुळे साठ भाऊ एकाच साच्यातून निघूनही कुणाचे गाल बसले, कुणी दमलेला दिसू लागला, तर एक जण आमच्या जुन्या पोस्टमनसारखा. "लग्नानंतर एवढी वर्षं डाग काढायला सांगतेय," सौ. म्हणाली, "तेव्हा नाही जमलं." कोपऱ्यातला जादा रंग टर्पेंटाइनमध्ये किंचित बुडवलेल्या कान कोरायच्या काडीने टिपला.

एक गोष्ट भाच्याने तीनदा बजावली होती. जवसाच्या तेलाची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकायची नाहीत. तेल हवा घेताना गरम होतं आणि ढिगातली उष्णता बाहेर पडली नाही तर तो आपोआप पेटू शकतो. म्हणून मी तपकिरी डागांचे ते सोळा तुकडे गॅलरीतल्या दोरीवर वेगवेगळे वाळत घातले. संध्याकाळपर्यंत खालच्या मजल्यावरून दोनदा विचारणा झाली, "तुमच्याकडे सगळ्यांची तब्येत बरी आहे ना?"

तीन रात्रींत साठ. वडिलांच्या हिशेबाने दोन महिने. मी मुद्दाम डालड्याचा डबा काढला आणि त्यांचा एक मावळा माझ्याच्या शेजारी ठेवून पाहिला. चार फुटांवरून माझाच सरस दिसत होता, हे कबूल करायला हवं. जवळून नाही. त्या चार केसांच्या कुंचल्याने काढलेले डोळे कुठेतरी बघत होते. माझ्याच्या खोबणीत नुसता अंधार होता. आणि मुलं किल्ला चार फुटांवरून बघत नाहीत, नाक लावून बघतात.

नातवाने ते सातही बाहेर मांडले. "आजोबा, यांना पण ती आमटी लावायची ना? हे लढाईला गेल्यासारखे वाटतच नाहीत."

पत्रिकेवर रंग होता, गंजीफ्रॉकचा एक हात शिल्लक होता. म्हटलं, "नको. हे दरबारातले आहेत."

"दरबारात काय करतात?"

"हिशेब."

त्याला ते पटलं. सातही जण वर महाराजांच्या बाजूला गेले, आठी असलेला सर्वांत पुढे. मग उरलेले साठ मांडायला घेतले आणि विसाव्यालाच किल्ला संपला. दरवाजा मावळ्याच्या गुडघ्याएवढा, माचीवर तिघांना उभं राहायला जागा नाही. नातू कमरेवर हात ठेवून म्हणाला, "आजोबा, एवढे कशाला केलेत?"

याचं उत्तर माझ्याकडे छप्पन्न वर्षं तयार होतं, पण ते त्याला देण्यात अर्थ नव्हता. आम्ही उरलेले चाळीस मिळेल तिथे पेरले. काही आंब्याच्या मुळांवर, काही कंपाउंडच्या भिंतीवर, चार पंपाच्या खोलीबाहेर, एक सेक्रेटरींच्या स्कूटरच्या सीटवर. शेवटचे दोन राहिले. जिन्यातल्या नोटीस बोर्डावर जागा रिकामी करण्याची तारीख लावलेली आहे. त्याच्या खालच्या फळीवर नातवाने ते दोघं उभे केले, तलवारी बाहेरच्या बाजूला करून. तेलरंग अजून पुरता वाळलेला नव्हता, म्हणून मी त्याला सांगितलं, हात लावू नकोस.