उसने कान

हत्ती ओळखायचा तो कानांवरून, असे आपण शाळेत शिकतो. आफ्रिकेच्या हत्तीचे कान सुपाहून कितीतरी मोठे, पार खांदे झाकणारे. आपल्या हत्तीचे त्यामानाने लहान. पण ज्यांचा जन्म हत्तींच्या संगतीत गेला, ती माणसे कानांकडे फारशी बघत नाहीत. ती माथा बघतात. आपल्या हत्तीच्या माथ्यावर दोन उंचवटे असतात. जुन्या काव्यांतून ज्याचे कौतुक आहे ते कुंभस्थळ हेच. आफ्रिकेच्या हत्तीचा माथा एकसंध, उतरता. आपल्याची पाठ कमानीसारखी वर उचललेली, त्याची मध्ये खोलगट. कान एक वेळ बाहेरून लावता येतील. माथा आणि पाठ कुठून आणणार?

हे लावण्याबिवण्याचे मी गमतीने म्हणत नाही. १९३२ साली हॉलिवूडच्या मेट्रो-गोल्डविन-मेयर कंपनीने हत्तींना खरोखरच कान लावले होते. चित्रपट होता 'टारझन द एप मॅन'. गोष्ट आफ्रिकेतली, पण कामाला मिळाले ते शिकवलेले, माणसाळलेले आशियाई हत्ती. मग त्यांच्या कानांवर मोठे खोटे कान चढवले, सुळेही बसवले आणि कॅलिफोर्नियातल्या टोलुका लेक, लेक शेरवूड अशा तळ्यांच्या काठी आफ्रिका उभी राहिली.

तो चित्रपट मी बेळगावला पाहिला. साठीच्या दशकात कॅम्पातल्या एका टॉकीजमध्ये रविवारी सकाळी इंग्रजी चित्रपटाचा खेळ असे. प्रिंट इतकी झिजलेली, की आफ्रिकेत बारमाही पाऊस पडत असावा असे वाटे. सोबत मामा होते. त्यांची सारी नोकरी दांडेलीच्या बाजूला जंगलखात्यात गेली. लाकडाचे ओंडके ओढणारे हत्ती त्यांच्या रोजच्या बघण्यातले. पडद्यावर हत्तींचा कळप धावत आला तेव्हा अख्खे थिएटर ओरडत होते आणि मामा शांतपणे म्हणाले, "कान बघू नकोस, डोकं बघ. आपलंच जनावर आहे की रे हे!" मध्यंतरात भजी खाताना त्यांनी एवढीच भर घातली, "बिचाऱ्याला ते कान जड होत असतील."

मामांना इंग्रजी येत नव्हते. पण त्या चित्रपटाविषयी पुढे मी जे काही वाचले, त्यात इतके नेमके दुसरे कोणी बोललेले मला आढळले नाही.

आता कोणी म्हणेल, टारझन हे प्रकरण मुळातच काल्पनिक. ते खरेच आहे. लेखक एडगर राइस बरोज यांनी आफ्रिकेत कधी पाऊलही ठेवले नव्हते. १९१२ साली मासिकात ही कथा प्रथम आली तेव्हा त्यांनी आफ्रिकेच्या रानात चक्क वाघ सोडला होता. पुढे पुस्तक निघताना त्या वाघाची सिंहीण झाली. वाघ कागदावरचा होता, म्हणून खोडता आला. हत्ती हाडामांसाचा, त्याला कान लावावे लागले. आणि पुस्तकातला टारझन अनेक भाषा बोलणारा, इंग्लंडचा जन्मजात उमराव. पडद्यावर आला तो जेमतेम दोन-चार शब्द बोलणारा जॉनी वाइसम्युलर. ऑलिंपिकमध्ये पोहण्याची पाच सुवर्णपदके मिळवलेला हा गडी पाण्यात उतरला, की बोलण्याची गरजही उरत नसे.

तेव्हा खोटेपणाचे मला विशेष वाटले नाही. चकित झालो ते निराळ्याच गोष्टीने. हत्तींना कान लावणारी हीच कंपनी आणि हाच दिग्दर्शक, डब्ल्यू. एस. व्हॅन डाइक, तीनच वर्षांपूर्वी खऱ्या आफ्रिकेत जाऊन आले होते.

तो चित्रपट 'ट्रेडर हॉर्न'. त्याच्या मुळाशी एक म्हातारा फिरता विक्रेता आहे. जोहान्सबर्गमध्ये दारोदार स्वयंपाकघरातले सामान विकणारा हा गृहस्थ एथेलरेडा लुईस या लेखिकेच्या दाराशी आला आणि तरुणपणी मध्य आफ्रिकेत हस्तिदंताचा व्यापार केल्याच्या गोष्टी सांगू लागला. बाईंनी त्या उतरवून घेतल्या. १९२७ साली पुस्तक निघाले आणि अफाट खपले. त्यावर चित्रपट करायचा तर खऱ्या आफ्रिकेतच, असे कंपनीने ठरवले. गोष्ट गॅबनकडची, पश्चिम किनाऱ्याची. मंडळी उतरली पूर्वेला. केनिया, युगांडा, टांगानिका, बेल्जियन काँगो असा सुमारे सात महिन्यांचा मुक्काम. खऱ्याच्या शोधात निघालेली माणसेसुद्धा अशी खंडाच्या दुसऱ्याच टोकाला पोचली!

पण तिथे त्यांनी जे सोसले ते खोटे नव्हते. युगांडात मर्चिसन धबधबा आहे. नाईल नदी तिथे सात-आठ मीटरांच्या फटीतून अंग चोरून निघते आणि त्रेचाळीस मीटर खाली कोसळते. खालच्या पात्रात मगरी आणि पाणघोडे. त्या परिसरात त्यांनी काम केले. कॅमेरामन क्लाइड डी विना हा हौशी बिनतारी संदेशवाला होता. बाहेरच्या जगाशी बोलायला त्याच्या यंत्राचा मोठा आधार झाला. त्यातच मूकपटांचे दिवस संपत आलेले. ध्वनिमुद्रणाची यंत्रे मागाहून आफ्रिकेत पाठवली गेली, तरी परतल्यावर संवादांचे बरेचसे काम स्टुडिओत नव्याने करावे लागले. चित्रपट पडद्यावर यायला १९३१ साल उजाडले. खर्च तेरा लाख डॉलरच्या घरात गेला.

नायिका एडविना बूथ. गोऱ्या वनदेवीची भूमिका, त्यामुळे अंगावर कपडे नावालाच. वर विषुववृत्तावरचे ऊन, खाली काटे आणि किडे. ती आजारी पडली ती पुढे वर्षानुवर्षे अंथरुणाला खिळली. तिने कंपनीवर दहा लाख डॉलरहून मोठा दावा लावला. तो न्यायालयाबाहेर मिटला. ती पडद्यावरून इतकी नाहीशी झाली, की ती वारल्याची वदंता पक्की झाली. प्रत्यक्षात ती १९९१ सालापर्यंत जिवंत होती. साठ वर्षे लोकांनी जिला मेलेली समजले, ती त्याच कॅलिफोर्नियात आपल्या चर्चचे काम करीत शांतपणे जगत होती.

तिची हकीकत निदान लिहिली तरी गेली. या चित्रपटाच्या इतिहासात आणखी दोन मृत्यू सांगितले जातात. कामावरचा एक आफ्रिकी माणूस नदीत पडला आणि मगरीने नेला. दुसऱ्याला चाल करून आलेल्या गेंड्याने मारले आणि ते कॅमेऱ्यात टिपले गेले. मी जिथे जिथे ही हकीकत वाचली तिथे गेंडा आहे, मगर आहे, नदी आहे. त्या दोघांची नावे मात्र नाहीत. ओझी वाहणारे, तंबू ठोकणारे, वाट दाखवणारे असे कितीतरी हात त्या सात महिन्यांमागे होते. चित्रपटात रेन्चारोची मोठी भूमिका करणारा मुटिया ओमूलू हा आफ्रिकी नट तेवढा नावानिशी उरला.

पुढे काय झाले? आफ्रिकेतून आणलेली फिल्म एका चित्रपटाला पुरून उरली. शिल्लक राहिलेले तुकडे वाया का घालवा, म्हणून कंपनीने तेच 'टारझन'मध्ये वापरले. म्हणजे आपण पाहतो त्या जंगलात काही पाणी खऱ्या आफ्रिकेतले आणि काही कॅलिफोर्नियाचे. काही माणसे खरी आफ्रिकी आणि काही अंगाला काळा रंग फासलेले ठेंगू नट, ज्यांना पिग्मी म्हणून उभे केले होते. हा चित्रपट 'ट्रेडर हॉर्न'च्या साधारण निम्म्या खर्चात झाला आणि तुफान चालला. वाइसम्युलर पुढे १९४८ पर्यंत एकूण बारा चित्रपटांत टारझन झाला. ती लाट मुंबईपर्यंत आली. होमी वाडियांनी १९३७ साली जॉन कावसला घेऊन 'तूफानी टारझन' काढला, १९५८ साली 'झिंबो'. आपल्या पिढीच्या डोळ्यांसमोर जंगल म्हटल्यावर जे उभे राहते, ते सह्याद्रीतल्या रानापेक्षा या चित्रपटांतूनच जास्त आलेले आहे. मामा म्हणत, खऱ्या रानात दिवसचे दिवस काही घडत नाही. तसले रान तिकीट काढून बघायला कोण येणार?

म्हणून मी खोट्या कानांना नावे ठेवत नाही. आफ्रिकेत जाऊन 'खरे' आणायचे म्हटल्यावर एका नटीचे आयुष्य उसवले आणि दोन माणसे जिवानिशी गेली. तळ्याकाठच्या हत्तींना कान जड झाले असतील, पण त्यापायी कोणी मगरीच्या तोंडी गेले नाही. मला टोचते ते हे, की एवढी किंमत देऊन आणलेले खरे शेवटी खोट्याला जोड म्हणून वापरले गेले आणि किंमत कोणी दिली ते विसरले गेले. आता तो चित्रपट पुन्हा पाहायला बसलो, की माझी नजर वाइसम्युलरवर ठरत नाही. मधूनच पडद्याचा पोत बदलतो, उजेड निराळा होतो, पाणी खरे वाटू लागते. तुकडा दोन-चार क्षणांचाच असतो. तो आला, की मी कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेर, तिथल्या काठावर, ओझी घेऊन कोण उभे असेल त्याचा विचार करू लागतो.