संत्र्याचा बहार आणि मधमाशी

वरुडकडच्या आमच्या बगीच्यात आंबिया बहारासाठी डिसेंबरात पाणी तोडतो. झाड ताणावर चांगलं सुकलं की पहिलं पाणी देतो आणि जानेवारी-फेब्रुवारीत नवतीबरोबर कळी निघते. झाडागणिक हजारो फुलं लागतात, पण तोडणीपर्यंत टिकतात ती शंभरातली एक-दोन. त्यामुळे फळगळ हा आमचा बारमाही विषय. खत, ओलीत, डिंक्या, कोळशी, सगळ्यांवर तासन्‌तास बोलणं होतं. मधमाशीचं नाव मात्र कुणी काढत नाही, हे मला खटकतं.

संत्र्याचा पराग जड आणि चिकट, वाऱ्यावर फारसा जात नाही. फुलाच्या तळाशी मकरंद असतो. तो प्यायला माशी आत शिरते आणि अंगाला चिकटलेला पराग पुढच्या फुलात लावते. नागपुरी संत्रा स्वतःच्या परागावरही धरतो, पण तो पोचवायला माशीची मोठी मदत होते. शिवाय बी धरलं की त्यातली संप्रेरकं कोवळं फळ देठाशी टिकवायला मदत करतात.

हे स्वतः पाहावं म्हणून एका बहारात कळी उमलण्याआधी काही फांद्यांना मच्छरदाणी बांधली. फळं वाटाण्याएवढी झाल्यावर ती सोडली. आत फळं होती, पण उघड्या फांद्यांच्या मानानं फार विरळ. बाबांनी दोन्ही फांद्या हातात धरून पाहिल्या. म्हणाले, "आमच्या वक्ती धुऱ्यावरच्या चिचेले आग्यामोहोळ राहे. तवा पेट्या कायले लागन?" ती चिंच आता नाही, म्हणून मधमाश्यांच्या पेट्या आणतो. पेट्यावाले दादा सांगतात, थोडी फुलं उमलू द्या, मगच बोलवा. आधी ठेवल्या तर माशी दुसऱ्याच पिकाला लागते.

खरी अडचण फवारणीची आहे. नवतीवर सिल्ला हा किडा येतो आणि नेमकी तेव्हाच फुलं असतात. भर दुपारी औषध मारलं की संध्याकाळी पेट्यांसमोर मेलेल्या माश्यांचा थर दिसतो. सिल्ला सोडून द्या असं मी म्हणत नाही. तो बगीचा संपवतो. पण कळी बंद असताना फवारा, आणि फुलात मारावंच लागलं तर दिवस मावळल्यावर, तेही माशीला कमी घातक औषध विचारून.

कुणी म्हणतं, माशीमुळे बिया वाढतात. स्पेनच्या व्हॅलेन्सियात ती तक्रार खरीच आहे: तिथल्या बिनबियांच्या क्लेमेंटाईनला परका पराग लागला की बी धरतं, म्हणून फुलोऱ्यात पेट्या दूर ठेवायला लावतात. कॅलिफोर्नियात तर काही जातींवर जाळ्या टाकतात. आपला नागपुरी संत्रा मुळातच बियांचा. ती भीती इथे आणायचं कारण नाही.

यंदा शेजारच्या काकांनी फवारणीच्या आदल्या दिवशी फोन करायचं कबूल केलं आहे. पेट्यांची तोंडं रात्रीच बंद करता येतील. पलीकडच्या दोन बगीच्यांचं बोलणं अजून बाकी आहे.