गाडी काय मागते

लांब पल्ल्याच्या गाडीला काय हवं ते दुकानात कळत नाही. भोरहून वरंध घाट उतरून महाडला पोचेपर्यंत ते कमरेला कळतं. म्हणून माझी ४११ सीसीची हिमालयन मोटरसायकल पहिला पावसाळा सरेपर्यंत मी कंपनीतून आली तशीच चालवली. काय घ्यायचं ते तिनेच सांगावं, असं वाटत होतं.

तिने आधी सीट मागितली. पुण्यात सीटकव्हर शिवणाऱ्या एका कारागिराने मला गाडीवर बसवलं, पाय फुटरेस्टवर ठेवायला लावले आणि भार नेमका कुठे येतो ते तळहाताने चाचपलं. खडूने दोन गोल काढले. मग रेक्झिन उसवून तेवढाच फोम पात्याने कापला आणि तिथे दाट फोम बसवला. दाबला तर बोटं सावकाश आत जातात, लगेच रुतत नाहीत. फार मऊ सीट पहिला अर्धा तास सुखाची असते, पुढे फोम दबून तळाला टेकतो आणि बसायच्या हाडांना पत्रा लागतो. क्लच-ब्रेकचे लिव्हर तर फुकटातच सुधारले. क्लॅम्प सैल करून जरा खाली झुकवले की मनगट हाताच्या रेषेत येतं. त्या दिवसापासून हातांना मुंग्या येणं थांबलं.

टायरच्या बाबतीत मी हात आखडत नाही. गाडी आणि रस्ता यांची गाठ पडते ती तळहाताएवढ्या जागेत, आणि जांभ्याचा लाल चिखल, घाटातलं शेवाळ, वळणावर सांडलेली खडी हे सगळं त्याच जागेने पेलायचं असतं. महामार्गावर सरळ धावून मागचा टायर मधोमध सपाट होतो. मग वळणावर गाडी झुकायला नाखूश होते, आधी अडते आणि मग एकदम आत कलते. नक्षी शिल्लक दिसली तरी हे जाणवलं की टायर बदलावा. या गाडीच्या आऱ्यांच्या चाकांत ट्यूब असते. त्यामुळे जादा ट्यूब, टायर काढायच्या पट्ट्या आणि हातपंप कायम बरोबर असतात.

दिवे मात्र आंबोलीने घ्यायला लावले. धुक्यात प्रखर दिवा समोर पांढरी भिंत उभी करतो, कारण पाण्याचे कण तोच उजेड डोळ्यांत परत फेकतात. तिथे हवा खाली बसवलेला, रुंद पसरणारा आणि वरच्या बाजूने कापलेला झोत. ५५ वॅटचे दोन हॅलोजन म्हणजे बारा व्होल्टवर नऊ अँपिअरचा भार. एलईडी त्याहून बरेच कमी खातात. रिले आणि फ्यूज न लावता हेडलाइटच्याच वायरीला दिवे जोडणाऱ्याच्या हाती गाडी कधीच देऊ नये.

ॲल्युमिनियमच्या पेट्या देखण्या असतात, पण कोकणातल्या दोन गडग्यांमधल्या पाणंदीतून त्या रुंदीची गाडी न्यायची कशी? कापडी सॅडल बॅगा पुरतात. मोठ्या आवाजाचा सायलेन्सर तर मला सहनच होत नाही. पहाटे कुणाच्या गावातून जाताना आपण त्या गावचे पाहुणे असतो.

उंच काचेचं अजून ठरत नाही. डिसेंबरात छातीवर वारं झोंबतं तेव्हा ती हवीशी वाटते, एप्रिलमध्ये तेच वारं जीव निववतं. जूनच्या आत मागचा टायर बदलावा लागणार आहे, तेव्हा काचेसाठी ठेवलेले पैसे तिकडेच जातील.